एक दिवस दिसला नाही तर विचारणारं कोण?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. भाऊ ४१ वर्षांचा, डाउन सिंड्रोम असलेला. आई ७४ वर्षांच्या. वडील रेल्वेतून निवृत्त झालेले, त्यांना जाऊन दीड वर्ष झालं. आई आणि भाऊ दांडिया बाजारातल्या जुन्या घरात राहतात, तुम्ही मांजलपूरला. पूर्वीचा हसरा भाऊ आता चिडतो, अंघोळीला नको म्हणतो, दिवसभर टीव्हीसमोर असतो आणि संध्याकाळी सहाला ओट्यावर जाऊन बसतो तो जेवायला हाक मारेपर्यंत. यजमानांचं म्हणणं असं, की आई धडधाकट आहेत तोवरच त्याला निवासी संस्थेत ठेवावं, म्हणजे सवय होईल. आणि तुम्ही विचारलंत, वडोदऱ्याच्या आसपास चांगली संस्था कोणती, त्याला कुठे ठेवायचं?

संस्थेचं नाव आत्ता सांगत नाही. मी या शहरात २६ वर्षं हेच काम करते, आधी विशेष शाळेत, नंतर प्रौढांच्या डे सेंटरमध्ये. ‘कुठे ठेवायचं’ हा प्रश्न घेऊन जवळजवळ प्रत्येक घर येतं, आणि मी दर वेळी उलटा प्रश्न विचारते. तुमचा भाऊ उद्या दिवसभर कुणाला दिसला नाही, तर घरची माणसं सोडून किती जण विचारतील? बोटांवर मोजा. बहुतेक घरांत आकडा एकावर थांबतो, आणि ती एक म्हणजे धुणंभांडी करणाऱ्या मावशी असतात. आई गेल्यावर झोपायला जागा कुठेतरी मिळते हो. त्याला काय आवडतं, त्याचं कुठे दुखतंय, हे माहीत असलेलं माणूस मात्र त्या दिवशी उरत नाही. म्हणून माझं सगळं उत्तर या आकड्याभोवती फिरणार आहे. तो शून्य-एकावरून चार-पाचवर नेता आला, तर मग तो घरी राहो, तुमच्याकडे राहो की संस्थेत, निभावतं.

पण त्याही आधी त्याची तब्येत. ‘हट्टी झालाय’ हे निदान घरात होतं, तसंच दवाखान्यातही होतं, कारण समोरच्याला डाउन सिंड्रोम दिसतो आणि बाकीचं दिसेनासं होतं. या मंडळींमध्ये थायरॉइड मंदावणं इतकं नेहमीचं आहे, की टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी वर्षातून एकदा व्हायलाच हवी. त्याशिवाय कानात घट्ट बसलेला मळ, कमी झालेलं ऐकू येणं, लवकर येणारा मोतीबिंदू, बद्धकोष्ठ, झोपेत श्वास अडकणं. घोरतो का तो? रात्री मध्येच उठून बसतो का? आमच्याकडे एक जण जेवताना ताट ढकलून द्यायचा. आम्ही तीन महिने वागणुकीचे तक्ते भरत बसलो, कधी ढकललं, आधी काय झालं, नंतर काय झालं. तक्ते फार सुरेख झाले होते. दाढ किडली होती त्याची.

४१ हे वय आणखी एका कारणाने लक्षात ठेवा. डाउन सिंड्रोममध्ये २१व्या गुणसूत्राची एक प्रत जास्त असते, आणि अल्झायमरशी जोडलेलं एक प्रथिन बनवणारं जनुक नेमकं त्याच गुणसूत्रावर आहे. त्यामुळे चाळिशीपर्यंत मेंदूत त्याच्या खुणा बहुतेकांच्या उमटलेल्या असतात, प्रत्यक्ष विसरणं मात्र बहुधा पन्नाशीच्या मागेपुढे सुरू होतं. घाबरवायला सांगत नाही. उलट आत्ताचा बदल लगेच त्या खात्यात टाकू नका, आधी थायरॉइड, कान, डोळे, झोप आणि दुःख तपासा. फक्त एक करून ठेवा. तो चहा करताना, बटणं लावताना, स्वतःचं नाव लिहिताना, घरातल्यांची नावं सांगताना मोबाइलवर दोन-दोन मिनिटांचे व्हिडिओ काढा. दहा वर्षांनी एखादा डॉक्टर विचारेल, ‘याला आधी काय येत होतं?’ तेव्हा प्रत्येक नातेवाईक वेगळं सांगतो.

आता दुःखाकडे येते, कारण तुमच्या मजकुरात ते जागोजाग आहे आणि तुम्ही त्याला नाव दिलेलं नाही. संध्याकाळी सहाला तो ओट्यावर बसतो. बाबा बाहेरून किती वाजता यायचे? त्याला खासवाडीच्या स्मशानात नेलं होतं का? ते गेले हे त्याला कुठल्या शब्दांत सांगितलं? हे मला माहीत नाही, त्यामुळे माझा अंदाज साफ चुकीचाही असेल. पण ‘बाबा गावाला गेलेत’ असं सांगितलं असेल, तर तो वाट पाहतोय एवढंच. ‘देवाघरी गेले’ हेही नको. आमच्याकडच्या एका गृहस्थांना आईबद्दल तसंच सांगितलं होतं. ते रोज सकाळी देवघरातले टाक आणि मूर्ती उचलून मागे पाहायचे. घरच्यांना वाटायचं, देवांशी खेळतात.

साधं आणि खरं सांगा. ‘बाबा मेले. त्यांचं शरीर बंद पडलं. ते परत येणार नाहीत. मलाही रडू येतं.’ मराठीत ‘मेले’ हा शब्द जिभेवर येत नाही, कळतं मला. पण आपले सगळे सौम्य शब्द म्हणजे कुठेतरी जाणं आहे, आणि गेलेला माणूस परत येतो हे त्याला पक्कं ठाऊक आहे. एकदा सांगून भागणार नाही, तो परत विचारेल, तेव्हा तेच शब्द पुन्हा. बाबांचा फोटो, त्यांचं घड्याळ त्याच्या हाताशी राहू द्या. पितृपक्षात बाबांचं पान वाढाल तेव्हा एखादा पदार्थ त्याला वाढू द्या.

आणि अंघोळ. बाबा होते तेव्हा त्याची दाढी कोण करायचं? पाठ कोण चोळायचं? बाबाच असतील, तर आता ७४ वर्षांच्या आई एका ४१ वर्षांच्या पुरुषाला अंघोळ घालताहेत आणि तो नको म्हणतोय. तुम्हीच सांगा, यात चिडकेपणा कुठे आहे? सहा वर्षांच्या मुलाइतकी बुद्धी, हे वाक्य तुम्हालाही कुणीतरी ऐकवलं असेलच. मला त्याचा मनापासून राग आहे. चाचणीवर काढलेला तो एक आकडा, आणि त्यावरून लोक धरून चालतात की लाजही सहा वर्षांचीच असेल. त्याने ४१ उन्हाळे पाहिलेत, गल्लीतली लग्नं पाहिलीत, बाप गेलेला पाहिलाय.

त्याला आठवड्यातून दोनदा गल्लीतल्या सलूनमध्ये दाढीला पाठवा, नेहमी त्याच दोन वारी, शक्यतो त्याच कारागिराकडे. घरी अंघोळ त्याची त्याने करायची. बादली भरून ठेवायची, बसायला प्लॅस्टिकचं स्टूल, खाली रबरी मॅट, दार लोटलेलं आणि आई बाहेर. पाठ आठवडाभर नीट धुतली गेली नाही तर काही बिघडत नाही. सलूनवाला हा तुमच्या आकड्यातला पहिला माणूस. पैसे घेतो म्हणून तो मोजायचा नाही असं नाही. दोन महिन्यांत त्याला याच्या हनुवटीवरचा तीळ माहीत होईल.

स्वीडनमध्ये बेंग्ट निर्ये म्हणून एक कार्यकर्ते होते. त्यांनी १९६९मध्ये एक साधी गोष्ट मांडली, की या माणसांच्या दिवसाला, आठवड्याला आणि वर्षाला इतरांसारखीच लय हवी. मी हे आपल्याकडे असं लावते, की सोमवार आणि रविवार त्याला वेगळे वाटतात का? तुमच्या भावाचे सातही वार सध्या टीव्हीचे आहेत. वर्षाची लय वडोदऱ्यात आयती मिळते. गणपती, नवरात्रातला गरबा, उत्तरायण म्हणजे संक्रांतीचे पतंग. पण इथे एक खोच आहे. उत्तरायणला गच्चीवर आपली ही माणसं कुठे असतात, ते यंदा बघा. फिरकी धरून उभी असतात. वर्षानुवर्षं फिरकीच. कुणी वाईट हेतूने देत नाही, आणि काहींना ती खरोखर आवडते, म्हणून यात सरसकट बोट दाखवणार नाही. पण दोर हातात कधी दिलाय का, हे विचारून बघायला काय हरकत आहे? सोबत सामावून घेणं आणि त्याच्यावाचून अडणं यातला फरक तिथे दिसतो, आणि मला दुसरं हवंय.

अडणं म्हणजे काय, एक उदाहरण देते. आमचे एक सदस्य, साधारण छत्तिशीचे. वाचता येत नाही. त्यांच्या घराजवळ एक छोटं वाचनालय आहे. (वाचनालयांची हौस या शहराला जुनी. सयाजीरावांनी १९१०मध्ये बॉर्डन नावाच्या ग्रंथपालांना थेट अमेरिकेहून आणलं होतं.) त्या वाचनालयात सकाळी वर्तमानपत्रं लाकडी पट्ट्यांत अडकवायची आणि दुपारी विस्कटलेली पुन्हा जागेवर लावायची, हे काम त्यांना मिळालं. अक्षर कळत नाही, पण कुठल्या पेपरचं नाव कसं दिसतं हे पक्कं. पहिले दोन आठवडे मी शेजारी बसले, तिसऱ्या आठवड्यात दाराजवळ, नंतर रस्त्यापलीकडच्या चहाच्या हातगाडीवर. चौथ्या महिन्यात त्यांना ताप आला. दुसऱ्या दिवशी दुपारी तीन आजोबा घर शोधत आले. एकाने विचारलं, ‘तो कुठे आहे? मधलं पानच सापडत नाहीये.’ त्यांच्या आईने मला फोन केला तेव्हा बोलता येत नव्हतं तिला. ३६ वर्षांत मुलाला शोधत घरी कुणी आलं नव्हतं.

मानधन? तिथे महिन्याला थोडं मिळतं, मी भांडून घेतलं. काम खरं असेल तर पैसे हवेत, आणि पैसे नसतील तर निदान काम खरं हवं. मणी ओवायचे आणि संध्याकाळी कुणीतरी ते सोडवून ठेवायचे, असला प्रकार मी पाहिलाय. ती माणसंही ओळखतात बरं का.

तुमच्या भावासाठी कुठून सुरुवात करायची हे त्याच्या आवडीवर आणि तुमच्या गल्लीवर ठरेल. मला सुचतंय ते दूध किंवा पाव आणण्याचं, रोज एकाच वेळी, एकाच दुकानातून, रस्ता न ओलांडता. दांडिया बाजारातली वाहनं तुम्ही जाणता, रस्ता ओलांडणं वर्षभर तरी विषयातच आणू नका. शिकवताना शेवटून सुरुवात करा. दुकानापर्यंत दोघं जा, खरेदी तुम्ही करा, परत या, आणि घराच्या अलीकडच्या वळणावर थांबून पिशवी त्याच्या हातात द्या. शेवटची दहा पावलं त्याने एकट्याने जायचं, बेल वाजवायची, पिशवी आईच्या हातात द्यायची. ते जमलं की वीस पावलं. मग अर्धी गल्ली. मग दुकानाच्या पायरीपासून. उलट्या क्रमाने शिकवण्याचं कारण असं, की प्रत्येक फेरी त्याच्या स्वतःच्या यशावर संपते. पहिल्यापासून शिकवलं तर तो तिसऱ्या पायरीवर अडतो, आपण हातातून पिशवी घेतो आणि त्याला रोज एकच धडा मिळतो, की आपल्याला जमत नाही.

पैसे मोजता येत नसतील तर अडून बसू नका. दुधाच्या पैशाची निळी पाकिटं, पावाच्या पैशाची लाल, आत नेमकी रक्कम. दुकानदाराला मात्र आधी भेटा. त्यांना एवढंच सांगायचं, की याच्याशी बोला, माझ्याकडे बघू नका. बोलायला वेळ लागतो, थांबा. काहीच बोलला नाही तर आपणहून पिशवी भरून देऊ नका, ‘शुं जोइए?’ (काय हवं?) एवढं परत विचारा. हो, गुजरातीत. आपल्याकडच्या घरांत हा मुद्दा कायम निसटतो. त्याचं सगळं ऐकणं-बोलणं मराठीत आणि उंबऱ्याबाहेर सगळं गुजरातीत. संस्थेत गेला तर काळजी घेणारी माणसंही बहुधा गुजरातीच बोलतील. म्हणून त्याच्या शब्दांची एक वही करा. तो कशाला काय म्हणतो, पाणी कसं मागतो, पोट दुखलं की कुठला शब्द वापरतो किंवा कुठे हात नेतो, शेजारी गुजराती अर्थ. आमच्याकडे एक जण ‘डोकं गरम’ म्हणाला की कान दुखत असतो. हे त्याच्या आईशिवाय कुणालाच माहीत नव्हतं, आणि ती दवाखान्यात असताना आम्ही ताप मोजत बसलो.

माझी एक मोठी चूक सांगते, ती तुम्ही करू नये म्हणून. सुरुवातीच्या काळात मी मुलांना (तेव्हा पंचविशीच्या माणसांनाही आम्ही ‘मुलं’च म्हणायचो) सांगेन ते ऐकायला शिकवलं. मोठ्यांचं ऐकायचं, हात पुढे म्हटलं की हात पुढे. पाहुणे खूश व्हायचे. मग त्यातल्या एकाला बसस्टॉपवर कुणीतरी म्हणालं, अंगठी काढ. त्याने काढून दिली आणि घरी येऊन अभिमानाने सांगितलं, ‘ऐकलं मी.’ त्याहून वाईटही घडू शकलं असतं. तेव्हापासून ‘नाही’ हा पहिला धडा. रोज दोन खऱ्या निवडी द्या, हा शर्ट की तो, पोहे की उपमा, आणि ‘नको’ म्हणाला की तो नको पाळला जाऊ द्या. अंघोळीचा नकारसुद्धा या नजरेने बघितलात तर थोडा वेगळा दिसेल.

आता यजमानांच्या मताबद्दल. सवय हळूहळू आणि आई असतानाच व्हायला हवी, हे त्यांचं अगदी बरोबर आहे. माझ्या अनुभवात माणसं संस्थेत ठरवून कमी जातात, आईचं खुब्याचं हाड मोडलं त्या रात्री जास्त जातात. म्हणून रात्रींची सवय तुमच्यापासून सुरू करा. महिन्यातून एक शनिवार तो मांजलपूरला, आईशिवाय. त्याची उशी, त्याचा कप, त्याचा टूथब्रश तुमच्याकडे कायमचा. सहा महिन्यांनी दोन रात्री. तेव्हा आई घरी काय करतात तेही कळेल. ४१ वर्षं त्यासुद्धा त्याच्याशिवाय झोपलेल्या नाहीत.

हे सगळं करूनही संस्था लागू शकते. आईचं दुखणं, तुमची नोकरी, पुढे त्याचं स्वतःचं म्हातारपण. त्यात अपराध काही नाही. बघायला जाल तेव्हा न सांगता जा, संध्याकाळी पाचच्या सुमारास, कारण सकाळी सगळ्याच संस्था चांगल्या दिसतात. त्याचं स्वतःचं कपाट आहे का, कपडे त्याचेच त्याला मिळतात का, फाटकाला कुलूप केव्हा आणि कुठल्या बाजूने, समोरच्या दुकानात कुणी जातं का, तुम्ही कधीही येऊ शकता की ‘भेटीचा रविवार’ आहे. २०१६च्या दिव्यांगजन अधिकार कायद्याच्या पाचव्या कलमात समाजात राहण्याचा हक्क स्पष्ट लिहिलाय, अमुकच ठिकाणी राहा अशी सक्ती करता येत नाही. संस्थाचालकांना हे कलम वाचून दाखवायला जाऊ नका, पण तुमच्या डोक्यात असू द्या.

कागदपत्रं थोडक्यात, कारण ती तुलनेने सोपी. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, नसेल तर आधी ते. वडील रेल्वेचे, म्हणजे आईनंतर फॅमिली पेन्शन त्याला आयुष्यभर मिळू शकते, पण त्याचं नाव दिव्यांग अपत्य म्हणून पेन्शनच्या कागदांत आई असतानाच चढवून घ्या, आणि त्याच्या वतीने पैसे कुणी स्वीकारायचे त्याचं नामनिर्देशनही. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती कायदेशीर पालक नेमते, कोर्टात जावं लागत नाही. त्याच न्यासाच्या निरामय योजनेत वर्षाला एक लाखापर्यंतचं आरोग्य विमा संरक्षण आहे. आईंचं मृत्युपत्र वकिलांकडून करून घ्या. बँकेत नॉमिनी लावलं म्हणजे झालं असं समजू नका, नॉमिनी हा पैसे स्वीकारणारा, मालक नव्हे. आणि पालक तुम्ही झालात तरी त्याचं मत उरतंच. मतदानाचंही उरतं. सक्षम न्यायालयाने विकलमनस्क, म्हणजे मानसिकदृष्ट्या अक्षम, ठरवलेलं नसेल तर डाउन सिंड्रोममुळे मतदार यादीतून नाव जात नाही. तुमच्या भावाचं आहे का यादीत?

एवढं सगळं एकदम करायला घेऊ नका. या आठवड्यात टीएसएच आणि कानाची तपासणी. शनिवारी घरी जाल तेव्हा संध्याकाळी सहाला त्याच्या शेजारी ओट्यावर बसा, आणि कुणाची वाट बघतोयस असं विचारा. काय म्हणतो ते त्याच्याच शब्दांत लिहून पाठवा, रिपोर्टसोबत. पुढचं त्यावरून ठरवू.